बारा माणसं आणि पदरची लेकरं

हिंगणवस्ती, ता. शेवगाव
९ ऑगस्ट २०२५

चि. अजिनाथ,

अनेक आशीर्वाद. फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर माझा आवाज चढतो आणि तुझा बंद पडतो. कागदावर तरी भाऊ बहिणीचं शेवटपर्यंत ऐकून घेईल.

धरणाचा फुगवटा यंदा लवकर वर आला. आपल्या वस्तीचा रस्ता पाण्याखाली गेला आहे. बाजार, दवाखाना, मुलींचं हायस्कूल सगळं पलीकडे, आणि आम्ही अलीकडे. मध्ये फक्त गोरक्षनाथची इंजिनाची होडी. काल मी तिच्यात बसले. वीसेक माणसं, दोन शेळ्या, दुधाचे कॅन, आणि मधोमध एक मोटारसायकल. तिच्यावर तिचा मालक असा ऐटीत बसलेला, जणू होडी तोच चालवतो आहे. होडीचा काठ पाण्यापासून चार बोटं वर. मी म्हटलं, "गोरक्ष, अरे हे काय?" तर म्हणतो, "अक्का, बुडाली तर मी बी बुडंल की. मला काय हौस हाय व्हय?" सगळी होडी हसली. मीही हसले. पलीकडे उतरल्यावर मात्र बाजार न करता तडक एस.टी. धरली.

तालुक्याला एका कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा दिला आणि सांगितलं, "बाई, हे बंदर नाही, त्यामुळे बंदराचे नियम इथे लागत नाहीत." म्हणजे समुद्रात बुडणाऱ्याला कायदा, आणि धरणात बुडणाऱ्याला दैव! ज्या पाण्यासाठी आपल्या आजोबांनी घरदार सोडलं, त्या पाण्यावर त्यांच्या नातवंडांना साधा एक नियमही मिळू नये? हक्क मागून मिळत नसेल तर तो आपण लिहून घ्यावा, असं मी आयुष्यभर भाषणांत सांगत आले. आता लिहून घ्यायची वेळ आली आहे.

तू बंदराच्या नियंत्रण कक्षात बसतोस. तुझ्या परवानगीशिवाय जहाज हलत नाही. होडीची लांबी-रुंदी मागच्या बाजूला लिहिली आहे. मला तिच्यासाठी नियम लिहून पाठव. साध्या मराठीत, गोरक्षला कळतील असे.

तुझी अक्का


बंदर वसाहत, जि. रत्नागिरी
१९ ऑगस्ट २०२५

ती. सत्यशीलाअक्कास,

सादर प्रणाम. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कक्षात फोन बाहेर ठेवावा लागतो, पत्र मात्र खिशात राहतं.

आमचे नियम पुस्तकभर आहेत. मोठ्या जहाजाने कुठून यायचं, लहान होडीने त्याची वाट कशी सोडायची, धुक्यात भोंगा किती वेळा द्यायचा. त्यातलं बरंचसं तुला उपयोगाचं नाही. उपयोगाचं तेवढं लिहितो.

होडीत किती माणसं बसतील हे होडीने ठरवायचं, गर्दीने नाही. तू लांबी-रुंदी कळवलीस त्यावरून नावाडी सोडून बारा. ती बारा माणसं सामानासकट बसवून पाणी जिथवर येईल तिथे बाहेरून पांढरी रेघ मारा. रेघ बुडाली की होडी सुटायची नाही, मग आत कुणीही बसलेलं असो. वारा सुटून पाण्यावर पांढरा फेस दिसू लागला की थांबायचं. प्रत्येकाच्या अंगात तरंगायचं लाइफ जॅकेट हवं, बुडाखाली नव्हे. आणि काठ आला म्हणून कुणी उठायचं नाही. होड्या भर पाण्यात जितक्या उलटतात त्याहून जास्त काठाशी उलटतात, कारण तिथे सगळ्यांना एकदम घाई होते.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बंदरातून कुठलंही जहाज निघताना आम्ही त्याला एक प्रश्न विचारतोच: जीव किती? कप्तान, खलाशी, स्वयंपाकी, पाहुणा, सगळे धरून. लोकांना वाटतं हा कागदी सोपस्कार आहे. तसं नाही. जहाज बुडालं तर शोध कधी थांबवायचा, हे त्या एका आकड्यावर ठरतं. आकडा चुकला तर शोध लवकर थांबतो. इथल्या कुणालाही विचार, त्याला हेच सगळ्यात भयंकर वाटतं.

आम्ही काही जणांनी मिळून बारा जॅकेटं घेतली आहेत, पार्सलने येतील. ती मोठ्यांची आहेत. लहान मुलांना ती चालत नाहीत, गळ्यातून निसटतात. एका फेरीत लेकरं साधारण किती असतात ते कळव, म्हणजे त्यांचीही पाठवतो.

तुझा अजिनाथ


हिंगणवस्ती
१० सप्टेंबर २०२५

चि. अजिनाथ,

जिंकलो! मारुतीच्या पारावर सभा घेतली. अख्खी वस्ती जमली, पलीकडचेही आले. मी बोलायला उभी राहिले आणि, आत्मस्तुती नको, पण पाखरू हललं नाही. मी म्हटलं, "शिंगणापूर आपल्या शेजारी. तिथे घरांना दारं नाहीत, कारण देव राखतो. पण देवाने कधी म्हटलं आहे का, की होडीला काठ नको?" झुंबरवहिनी पुढे बसली होती. ती पदर तोंडाला लावून हसली आणि मग सगळेच हसले. लोक हसले की अर्धं काम होतं, राहिलेलं मग रागावून करून घेता येतं.

गोरक्षने पांढरी रेघ स्वतः मारली. मोटारसायकलवाला म्हणाला, "मग माझी गाडी पवत येईल का?" गोरक्ष म्हणाला, "गाडीला न्हाई जमायचं, पर तुला जमंल." जॅकेटं आली तेव्हा तर जत्राच. तरण्या पोरांनी ती घालून फोटो काढले. झुंबरवहिनीला एक चढवलं तर म्हणते, "अगं बया, पोळ्याच्या बैलावानी झूल घातली मला! आता शिंगं बी रंगवा!" पण काढलं नाही हो, पलीकडे जाईपर्यंत अंगात ठेवलं.

मोजणीवरून थोडा वाद झाला. मिटवला. आता रोज फेरी निघताना गोरक्ष मोठ्याने बारा मोजतो, आणि तेरावा कुणी चढला तर होडीतलेच लोक त्याला खाली उतरवतात. अजिनाथ, ज्या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या फक्त हुकूम मिळाले, त्यांनी पहिल्यांदा स्वतःसाठी नियम केला आणि तो पाळला. याहून मोठं स्वातंत्र्य मला ठाऊक नाही.

तुझी अक्का


बंदर वसाहत
२७ सप्टेंबर २०२५

ती. अक्का,

पत्र वाचून इथे सगळ्यांना चहा पाजला. पोळ्याच्या बैलाची गोष्ट आमच्या कप्तानसाहेबांनाही सांगितली.

पण दोन गोष्टी तू लिहिल्या नाहीस. लहान जॅकेटं किती पाठवू? आणि मोजणीचा वाद काय होता, तो कसा मिटवलास? तू भांडण मिटवलं असं म्हणतेस तेव्हा समोरचा गप्प झालेला असतो, एवढं मला लहानपणापासून माहीत आहे. या वेळी कोण गप्प झालं?

तुझा अजिनाथ


हिंगणवस्ती
१२ ऑक्टोबर २०२५

चि. अजिनाथ,

या वेळी मी गप्प झाले. झालं समाधान?

सभेत मी म्हटलं, लहान-थोर सगळे मोजायचे. तर बायका उठल्याच. "लेकरं मोजत न्हाईत अक्का. दिष्ट लागती." मी समजावलं. शाळेत हजेरी घेतातच ना, डोस पाजताना मोजतातच ना. तेव्हा झुंबरवहिनी उभी राहिली. एरवी चेष्टा करणारी बाई, पण आवाज अगदी खाली गेला होता. "मी मोजली हुती," म्हणाली. "जत्रंत हरवू नयेत म्हनून मोठ्यानं मोजली. पाच. पुढल्या जत्रंला तीन हुती." तिची आणि आपल्या सूर्यभानदादाची ती दोन लेकरं तुला आठवत नसतील, तू लहान होतास. गोवरात गेली. तिच्या लेखी मात्र मोजणीने गेली.

यावर मी काय भाषण करणार होते? बायका चवड्यावर येऊन बसल्या होत्या, अजून एक शब्द बोलले असते तर सगळ्या उठून गेल्या असत्या आणि त्यांच्यामागे तुझी रेघ, तुझी जॅकेटं, सगळंच गेलं असतं. म्हणून मी म्हटलं, ठीक आहे. मोठी माणसं बारा मोजायची. पदरची लेकरं आईबापाच्या हवाली. ती मोजायची नाहीत.

तू नाराज होशील. पण एका अटीसाठी बाकीच्या सगळ्या सोडायच्या का? जे लोक चालायला तयार झाले त्यांना पळत नाहीत म्हणून फटकारायचं का? अंधश्रद्धेवर मी आयुष्यभर बोलले, पण आईच्या भीतीवर लाठी चालवणं मला जमलं नाही. लेकरं मोजण्याचंही जमेल. पुढच्या साली.

दिवाळी झाली की ऊसतोडीला टोळ्या निघतील. झुंबरवहिनीचा वाल्मिक आणि सून रोहिणीही जाणार आहेत. थोरला ओम बरोबर. धाकटी ज्ञानेश्वरी आता चालते, बोलते, माझा चष्मा ओढते. तिकडे राहायची खोपी उभी होईपर्यंत तिला आजीपाशी, झुंबरवहिनीपाशी, ठेवायचं चाललं आहे. लहान जॅकेटं पाठवच. सात-आठ.

तुझी अक्का


बंदर वसाहत
२२ ऑक्टोबर २०२५

ती. अक्का,

मी नाराज नाही. मी घाबरलो आहे. लेकरं मोजली नाहीत तर तुमचा बारा हा आकडा खोटा आहे, आणि खोट्या आकड्यापेक्षा आकडा नसलेला बरा. आकडाच नसला तर माणूस शोधत तरी राहतो.

विचार करता करता मला एक सुचलं. मोजूच नका. नावं घ्या. होडी सुटताना प्रत्येकाचं नाव गोरक्षने पुकारायचं, तान्ह्याचंसुद्धा, आणि त्याच्या आईने ओ द्यायची. पलीकडे उतरल्यावर पुन्हा तसंच. नाव घेतल्याने कुणाची दृष्ट लागत नाही, बारशाला सगळं गाव नाव घेतंच की. झुंबरवहिनीला विचारून बघ. ती ऐकेल असं मला वाटतं.

आठ लहान जॅकेटं आज पार्सलला टाकली. दिवाळीच्या गर्दीत उशीर होईल. टोळी निघायच्या आत पोचली तर बरं.

तुझा अजिनाथ


बंदर वसाहत
२ नोव्हेंबर २०२५

ती. अक्का,

फोन तू उचलत नाहीस. वाल्मिकचा बंद आहे. पेपरात चार ओळी आल्या आहेत. "ऊसतोड मजुरांची होडी उलटली, बारा जण बचावले, बालिकेचा मृत्यू. नावाड्यावर गुन्हा." नाव दिलेलं नाही.

बारा जण तुझ्या जॅकेटांनी वाचले हे विसरू नकोस. आणि गोरक्षला सोडू नकोस. टोळी दिसली, मुकादमाने घाई केली आणि त्याने पुन्हा माणसं कोंबली असणार. सवय जात नाही. नियम करणारे आपण, मोडणारा तो.

ती बालिका कुणाची, एवढं तरी कळव.

अजिनाथ


हिंगणवस्ती
९ नोव्हेंबर २०२५

अजिनाथ,

ज्ञानेश्वरी.

आता जे घडलं ते सरळ लिहिते. दोनदा लिहून फाडलं, कारण दोन्ही वेळा त्याचं भाषण झालं.

मी आदल्या फेरीने पलीकडे गेले होते, टोळीला निरोप द्यायला. मुकादमाचा ट्रॅक्टर काठावर उभा होता. दुसऱ्या फेरीत सहा जोडपी, म्हणजे बारा माणसं. गोरक्षने मोठ्याने मोजली. रेघ कोरडी होती. जॅकेटं अंगात होती. रोहिणी ओमला घेऊन पुढे बसली. मध्ये भांडी, वळकट्या, ताडपत्री. वाल्मिक मागे, इंजिनापाशी. ज्ञानेश्वरी ठरल्याप्रमाणे अलीकडे, आजीच्या कडेवर. इंजिन सुरू झालं आणि पोरीने बापाकडे बघून हंबरडा फोडला. वाल्मिकला राहवलं नाही. झुंबरवहिनीने होडीच्या कडेवरून तिला त्याच्या हातात दिली. रोहिणीची पाठ होती, इंजिनाचा आवाज होता, मध्ये सामानाचा ढीग. तिला हे कळलंच नाही.

काठ आला तसा मुकादम ट्रॅक्टरवरून ओरडला, "चला चला, उठा, उशीर झालाय!" माणसं एकदम उठली. गोरक्ष "बसा, बसा!" म्हणून ओरडत होता. होडी एका अंगाला गेली. पाणी तिथे छातीएवढंच होतं, अजिनाथ. छातीएवढं. आम्ही सगळे पाण्यात धावलो. आयांनी आपली कडेवरची लेकरं धरूनच ठेवली होती. वाल्मिकच्या डोक्याला इंजिनाचा दांडा लागला होता, शुद्ध नव्हती. त्याला टेम्पोत घालून शेवगावला पाठवलं. आणि मी, काठावर उभी राहून, वाल्मिकला धरून माणसं मोजली. बारा. पुन्हा मोजली. बारा. मग मी पलीकडच्या काठाकडे बघून ओरडले, "बाराही आले! सगळे आले!" माझा आवाज पाण्यावर लांब जातो. तिकडे झुंबरवहिनीने हात जोडलेले मला दिसले. लोकांनी माझे पाय धरले. कुणीतरी चहा आणला. तो मी प्यायले.

रोहिणीला वाटत होतं पोरगी आजीपाशी आहे. आजीने ऐकलं होतं सगळे आले. गोरक्षला आणि होडीतल्या बाकीच्यांना वाटलं, ती बापाबरोबर टेम्पोत गेली. आणि ज्याला खरं माहीत होतं तो शुद्धीवर नव्हता.

दवाखान्याच्या वाटेवर वाल्मिकने डोळे उघडले. टेम्पोवाल्याने मुकादमाच्या फोनवर लावून दिला आणि वाल्मिकने रोहिणीला पोरीचं विचारलं. रोहिणी हसून म्हणाली, "आईपाशी हाय की. तुमी पडून ऱ्हावा." मग वाल्मिकने पुढचं सांगितलं. फोन कानाला तसाच धरून तिने पलीकडच्या काठाकडे बघितलं. तिकडून झुंबरवहिनी एकटीच हात हलवत होती.

गोरक्षनेच तिला काढलं. उलटलेल्या होडीखाली, ताडपत्रीच्या घडीत होती. आम्ही चहा प्यायलो तिथून दगड टाकला तर पोचेल एवढ्या अंतरावर.

तू लिहिलंस गोरक्षने नियम मोडला. नाही. त्याने बारा म्हणजे बाराच घेतली. पदरचं लेकरू मोजायचं नाही हा नियम माझा होता. तो त्याने पाळला.

तुझं नावं पुकारण्याचं पत्र दोन दिवसांनी आलं. पार्सल त्याच्यानंतर.

सत्यशीला


बंदर वसाहत
१७ नोव्हेंबर २०२५

अक्का,

मी पत्र लिहीत बसलो. माझ्याकडे फोन होता. सुचलं त्या दिवशी फोन केला असता तर एका मिनिटाचं काम होतं. पण आपण पत्रं लिहितो याचं मला कौतुक वाटत होतं, वाक्यं नीट जुळवत होतो.

गोरक्षबद्दल लिहिलं ते मागे घेतो. त्याला तसं सांग. नको, मीच सांगेन.

रजेचा अर्ज टाकला आहे. पुढच्या महिन्यात येतो. तोवर जेव. झोप. कुणापुढे उभी राहून काही सिद्ध करायला जाऊ नकोस.

अजिनाथ


हिंगणवस्ती
३० नोव्हेंबर २०२५

चि. अजिनाथ,

तू सांगून ठेवलं होतंस तरी मी ठाण्यात गेले. म्हटलं, नियम माझा होता, गोरक्षचा गुन्हा माझ्या नावावर लिहा. साहेब बरा माणूस होता. म्हणाला, "बाई, तुम्ही सभेत एक बोललात आणि लोकांनी ऐकलं. मी कुठलं कलम लावू?" बाहेर पडले. गोरक्ष जामिनावर आला आहे. त्याने होडी वर ओढून पालथी घातली आहे. मी गेले तर चटई टाकली, पाणी दिलं. "अक्का, तुमी कशाला आला उन्हाचं," एवढंच बोलला.

झुंबरवहिनी माझ्याशी बोलत नव्हती. दशक्रियेच्या दिवशी बोलली. सगळ्या बायकांत म्हणाली, "तू मोजलंस. पलीकडनं वरडून मोजलंस, समद्या पान्यानं ऐकलं. म्हनून गेली." अजिनाथ, माझ्यापाशी उत्तर होतं. ते बरोबरही होतं. मोजल्याने नाही वहिनी, न मोजल्याने गेली. पण ते उत्तर तिच्या ओटीत टाकलं असतं तर तिला पुढे दिसलं असतं, की तिने आपल्या हाताने पोर होडीत दिली आणि ती गेली तरी कुणी शोधलं नाही. मी मान खाली घातली. तिला माझा दोष घेऊन जगता येत असेल तर तो तिने घ्यावा.

वस्तीने मात्र तिचंच खरं धरलं आहे. आता दुसऱ्या एकाची होडी चालते. तो मोजत नाही. जॅकेटं नको म्हणतात, अपशकुनी म्हणतात. मोटारसायकल पुन्हा मधोमध उभी असते. मी पारावर सभा बोलावली. चार माणसं आली, त्यांतली दोन माझ्याकडे बघत नव्हती.

वाल्मिक आणि रोहिणी काल तोडीला गेले. टोळी केव्हाच गेली होती, मुकादमाचे फोन थांबत नव्हते. वाल्मिक सामान घेऊन होडीने गेला. रोहिणी होडीपाशी आली, बघितलं, आणि ओमला कडेवर घेऊन उलटी फिरली. पाण्याला वळसा घालून पायी निघाली. अख्खा दिवस जातो त्या वाटेने. मी चपला घातल्या आणि तिच्यामागे गेले. एकटी बाई, लेकरू, वाट काट्याकुट्याची. खरं सांगायचं तर मला तिच्याशी बोलायचं होतं. काय बोलायचं ते मनात जुळवत चालले होते. तिची काहीच चूक नाही, माझी आहे, आणि तरी हे पुन्हा कुणाच्या लेकराला होऊ नये म्हणून तूच उभी राहा, तुझं ऐकतील. चांगलं जुळलं होतं.

बाभळीच्या बनापाशी मी तिला गाठलं. म्हटलं, "रोहिणी—"

ती थांबली नाही. ओमला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पुढे बघतच म्हणाली, "आत्या, काई बोलू नका. यायचं आसंल तर नुसतं चला."

मी चालले. डांबरी रस्ता लागेपर्यंत.

तुझी
अक्का